एक पडला की फजिती : नॅचरल वनचा तक्ता असा बनवा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, प्रत्येकाने एकेक पात्र रंगवायच्या खेळात वीस बाजूंच्या फाशावर एक पडतो (हाच नॅचरल वन), टेबलाभोवती आरडाओरडा होतो, आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, इंटरनेटवरून उतरवलेला फजित्यांचा शंभर ओळींचा तक्ता बाहेर काढतो. ‘तलवार तुझ्याच पायात घुसली. आठ डॅमेज. पुढची टर्न गेली.’ चौघं हसतात. पाचवा फासा खाली ठेवतो आणि मोबाइल उचलतो.

हे मी स्वतः केलेलं आहे. माझ्या पहिल्या तक्त्यात बोटं तुटायची, तलवारी मोडायच्या, बाण मित्राच्या पाठीत जायचे. एका संध्याकाळी आमच्या तलवारवाल्याला तीन वेळा एक पडला. त्याचा पट्टीचा लढवय्या सेशन संपेपर्यंत लंगडा, निःशस्त्र आणि एका कानाचा झाला होता. पुढचे दोन रविवार त्या भिडूच्या घरी पाहुणे आले.

त्यानंतर तक्ता तीनदा फाडला. खालची रीत चौथ्या तक्त्याची आहे. तिच्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे तो क्रम. आधी गणित, मग भिडूंशी बोलणं, मग शिक्षेची मर्यादा, आणि विनोद सगळ्यात शेवटी. बहुतेक जण विनोदापासून सुरुवात करतात आणि तिथेच गाडं रुततं.

सुरू करण्याआधी

ही रीत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीसाठी आहे. तिथे अटॅक रोलला (वार लागतो का ते ठरवणाऱ्या फाशाला) एक पडला, तर समोरच्याचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) कितीही कमी असो, वार चुकतो. बस, एवढंच. तलवार निसटणं, पाय घसरणं वगैरे मूळ नियमांत नाही. ते सगळं आपण घातलेलं, म्हणजे हाउस रूल. डेथ सेव्हला (मरणाच्या दारातल्या पात्राने जगण्यासाठी टाकायच्या फाशाला) एक पडला तर दोन अपयशं मोजतात, पण तो वेगळा नियम आहे, त्याला हात लावायचा नाही.

तुम्ही पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती खेळत असाल, तर तिथे एक पडला की निकाल मुळातच एक पायरी खाली उतरतो. कॉल ऑफ कथुलूच्या सातव्या आवृत्तीत १ ते १०० मधला आकडा टाकतात, तिथे १०० पडले की फंबल, म्हणजे मोठी फजिती, आणि यशासाठी लागणारा आकडा ५० च्या खाली असेल तर ९६ पासूनच फंबल. या खेळांमध्ये फजितीची सोय आधीच आहे. वरून आणखी तक्ता लावला तर दुधात साखरेऐवजी मीठ पडेल.

सामान फारसं लागत नाही. साधे सहा बाजूंचे दोन फासे (लुडोच्या डब्यातले चालतात), पोस्टकार्डाएवढा जाड कागद, पेन्सिल, आणि सगळ्या भिडूंच्या कॅरॅक्टर शीट. पेन नको, पेन्सिलच घ्या. कारण शेवटच्या टप्प्यात कळेल.

टप्पा १ : कोणाची फजिती किती वेळा होणार, ते मोजा

एका फाशावर एक पडण्याची शक्यता ५ टक्के. ऐकायला कमी वाटते. पण पाचव्या लेव्हलच्या फायटरला, म्हणजे लढवय्याला, एका टर्नमध्ये दोन वार मिळतात, म्हणजे दर टर्नला निदान एकदा एक पडण्याची शक्यता ९.७५ टक्के. अकराव्या लेव्हलला तीन वार, शक्यता १४ टक्क्यांच्या वर. विसाव्या लेव्हलला चार वार, साडेअठरा टक्के. त्याने अ‍ॅक्शन सर्ज (एका टर्नमध्ये दुप्पट वार करू देणारी शक्ती) वापरून एकाच टर्नमध्ये आठ वार केले तर जवळजवळ ३४ टक्के.

आता हेच अख्ख्या लढाईला लावून बघा. लढाई चार राउंड चालली असं धरू (राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक टर्न). पाचव्या लेव्हलचा फायटर आठ वार करतो, फजितीची शक्यता ३४ टक्के. विसाव्या लेव्हलचा सोळा वार करतो, शक्यता ५६ टक्के. म्हणजे आयुष्यभर तलवार चालवलेला माणूस नवशिक्यापेक्षा जास्त वेळा तोंडावर पडणार. पाचव्या लेव्हलचा मंक (हातापायांनी लढणारा संन्यासी) दोन वार आणि वर फ्लरीचे दोन ठोसे मारतो, त्याचं तर बघायलाच नको.

आणि जादूगार? फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र टाकताना तो अटॅकचा फासा हातातही घेत नाही. सेव्ह, म्हणजे मंत्रातून वाचण्याचा रोल, शत्रूने करायचा. त्याला एक पडतच नाही, म्हणून त्याची फजितीही होत नाही. तक्ता जसाच्या तसा लावला तर अंगमेहनत करणाऱ्यांना दंड आणि मंत्र म्हणणाऱ्यांना माफी, असा कारभार होतो.

यावर तीन उपाय आहेत. एकच निवडा.

१. टर्नमधल्या फक्त पहिल्या अटॅक रोलला फजिती लागू. पुढच्या वारांना एक पडला तर नुसता वार चुकतो. सगळ्यांची शक्यता ५ टक्क्यांवर येते.

२. खातरजमेचा रोल. एक पडल्यावर त्याच बोनसने (फाशात मिळवायच्या आकड्याने) पुन्हा फासा टाकायचा. त्या आकड्याने एसी गाठला तर नुसता चुकलेला वार. नाही गाठला तरच फजिती. एरवी चुकण्याची शक्यता ४० टक्के असेल, तर दर वाराला फजिती ५ वरून २ टक्क्यांवर उतरते. इथे कसबी माणूस वाचतो, हा फायदा. पण दर वेळी एक जादा रोल, हा तोटा.

३. एका लढाईत एका भिडूची फजिती फार तर एकदा.

मी पहिला उपाय वापरतो. लक्षात ठेवायला सोपा आहे, आणि रात्री साडेदहाला कोणाच्याही डोक्यात याहून अवघड काही शिरत नाही. त्याला जादूगारांसाठी एक जोड देतो. सेव्ह मागणाऱ्या मंत्रात जादूगाराने आधीच एक शत्रू बोटाने दाखवायचा. त्या शत्रूला सेव्हवर २० पडला तर जादूगाराची फजिती. म्हणजे त्यालाही तेच ५ टक्के. सगळ्या शत्रूंचे सेव्ह मोजू नका. फायरबॉलखाली आठ गॉब्लिन असले तर पुन्हा ३४ टक्क्यांवर जाल.

सावधान : अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा) असताना जो फासा मोजला जातो तोच बघायचा. तेव्हा फजितीला दोन्ही फाशांवर एक पडावा लागतो, त्याची शक्यता ४०० मध्ये १ आहे. याउलट डिसअ‍ॅडव्हांटेजला (दोनातला लहान मोजायचा) फजितीची शक्यता ९.७५ टक्के होते. अंधारात बाण मारणाऱ्याला हे आधी सांगा. हाफलिंगला (बुटक्या जातीच्या पात्राला) एक पडल्यावर पुन्हा टाकण्याचा हक्क असतो, तो काढून घेऊ नका. लोकांनी ती जात त्यासाठीच घेतलेली असते.

सावधान : हे फक्त अटॅकपुरतं ठेवा. कुलूप उघडताना, भिंत चढताना एक पडला म्हणून तक्ता काढायचा नाही. ज्या चोराला कुलपावर ९ चा बोनस आहे, त्याचा एक पडूनही बेरीज १० होते आणि १० डीसीचं (म्हणजे उघडायला १० लागणारं) साधं कुलूप उघडतं. नियमाने उघडलेलं कुलूप तुम्ही अडकवून ठेवलंत, तर तो भिडू भांडेल आणि त्याचंच बरोबर असेल.

तपासा : पुढच्या सेशनला तक्ता न लावता फक्त मोजा. कोणाला किती वेळा एक पडला, कागदावर रेघा मारा. चार तासांत साठ अटॅक रोल झाले तर सरासरी तीन एक पडतात. निवडलेल्या उपायाने त्यातल्या किती फजित्या उरल्या? एक-दोन उरल्या तर ठीक. पाच उरल्या तर उपाय बदला.

टप्पा २ : भिडूंना विचारा, पण चिठ्ठीवर

नवीन कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) असेल तर सेशन झीरोत, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीत, चालू असेल तर खेळ सुरू होण्याआधी दहा मिनिटं काढा. तोंडी विचारू नका. आपल्याकडे ‘चालेल’ या शब्दाचे निदान पाच अर्थ आहेत आणि त्यातले दोनच होकाराचे आहेत. प्रत्येकाला कागदाचा तुकडा द्या, नाव न लिहिता तीन प्रश्नांची उत्तरं मागा. फजितीचा तक्ता हवा का? माझ्या कॅरॅक्टरच्या बाबतीत काय अजिबात होऊ नये? शत्रूंनाही लागू करायचा का?

मधल्या प्रश्नाची उत्तरं नीट वाचा. आमच्याकडे आलेल्या चिठ्ठ्यांत एक होती, ‘आजोबांची तलवार मोडायची नाही.’ दुसरी, ‘माझे कपडे फाटण्याचे विनोद नकोत.’ तिसरीवर नुसतं ‘प्राण्यांना काही होऊ नये’ एवढंच. यातलं एकही मला सुचलं नसतं. आणि दुसरी चिठ्ठी आली नसती तर माझ्या तक्त्यात नेमका तोच विनोद होता.

शत्रूंना लागू करायचा की नाही? करा, पण एक गणित ध्यानात ठेवून. गॉब्लिनचं आयुष्य तीन राउंडचं असतं. त्याचा हात तुटला काय नि राहिला काय. भिडूचं कॅरॅक्टर वर्षभर चालतं. म्हणून ‘दोन्ही बाजूंना सारखाच नियम’ हा न्याय फक्त तेवढ्यापुरत्या फजितीतच खरा. कायमची इजा तक्त्यात असेल, तर ती भिडूंच्याच वाट्याला येते.

कोणी ‘मला तक्ता नकोच’ लिहिलं, तर तो नियम ज्याच्या-त्याच्या मर्जीवर ठेवा. एक पडल्यावर भिडूने ‘घेतो’ म्हटलं तर तक्ता, आणि घेतल्याबद्दल एक इन्स्पिरेशन (पुढे एखादा रोल सुधारण्याचा हक्क). नाही म्हटलं तर नुसता चुकलेला वार. महिन्याभरात सगळे घ्यायला लागतात. जबरदस्ती गेली की फजितीची भीतीही जाते.

टप्पा ३ : विनोदाआधी मर्यादा ठरवा

फजितीची किंमत किती, हे आधी लिहा. कागदाच्या मागच्या बाजूला दोन रकाने आखा.

पहिला रकाना, कधीच नाही : स्वतःला डॅमेज, मित्राला वार, हत्यार मोडणं, अख्खी टर्न जाणं, कायमची इजा. वार चुकला ही शिक्षा झालेलीच आहे, हे विसरू नका. त्यावर टर्नही काढून घेतली तर तो भिडू वीस-पंचवीस मिनिटं नुसता बसून राहतो. चार भिडू आणि डीएम मिळून एक राउंड तेवढा सहज चालतो.

दुसरा रकाना, चालेल (इथे होकाराच्या अर्थी) : वेगात पाच फुटांची घट, पुढच्या एका वाराला डिसअ‍ॅडव्हांटेज, शत्रूच्या पुढच्या एका वाराला अ‍ॅडव्हांटेज, हत्यार निसटणं, प्रोन होणं (आडवं पडणं), जागा सुटणं, आवाज होणं, दिवा विझणं.

यात दोन गोष्टी नियमाने पारखून घ्या. हत्यार पायाशी पडलं, तर टर्नमध्ये एक वस्तू उचलणं फुकट असतं. म्हणजे ती फजिती जवळजवळ बिनपैशाची, फक्त दिसायला मोठी. तेच हत्यार १० फूट उडालं, तर चालत जावं लागतं आणि शत्रू शेजारी असेल तर अपॉर्च्युनिटी अटॅकही (जवळून निघून जाणाऱ्यावरचा फुकटचा वार) अंगावर येतो. एकाच वाक्यातला ‘पायाशी’ आणि ‘दहा फुटांवर’ हा फरक म्हणजे चहा आणि जेवण यांच्या बिलातला फरक. प्रोनचंही तसंच. उठायला अर्धा वेग जातो, टर्न जात नाही. पण पडून राहिलात तर जवळचे शत्रू अ‍ॅडव्हांटेजने मारतात आणि लांबून बाण मारणाऱ्यांना डिसअ‍ॅडव्हांटेज मिळतो. तिरंदाजांसमोर आडवं पडणं हा कधीकधी लाभच असतो.

सावधान : मुदत नेमकी लिहा. फजिती तुमच्याच टर्नमध्ये होते. म्हणून ‘पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत वेग कमी’ असं लिहिलं, तर ती शिक्षा लागू व्हायच्या आत संपते. वेग किंवा तुमचे वार यांच्यावरची घट ‘पुढच्या टर्नच्या शेवटपर्यंत’ लिहायची. शत्रूला तुमच्यावर मिळणारा फायदा ‘पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत’. माझ्या दुसऱ्या तक्त्यातल्या निम्म्या ओळी याच चुकीमुळे नुसत्या शोभेच्या होत्या.

टप्पा ४ : तक्ता लिहा. अकरा ओळी, दोन फासे

शंभर ओळींचा तक्ता नको, वीसचाही नको. दोन साधे फासे घ्या आणि बेरीज करा. २ ते १२, म्हणजे अकरा ओळी. यात खुबी अशी की सगळ्या ओळी सारख्या वेळा येत नाहीत. ७ येण्याची शक्यता ३६ मध्ये ६, आणि २ किंवा १२ ची प्रत्येकी ३६ मध्ये १. सहा, सात, आठ मिळून चव्वेचाळीस टक्के दानं पडतात. तेव्हा हलक्या फजित्या मध्ये ठेवा, डाव उलटवणाऱ्या टोकांना. आधी मधल्या तीन लिहा, मग बाहेर सरका. उलट केलंत तर सगळी बुद्धी २ आणि १२ वर खर्च होते, आणि ती दानं दिवाळीतून एकदा पडतात.

प्रत्येक ओळीत नियमाचा भाग पक्का आणि गोष्टीचा भाग मोकळा ठेवा. ‘वहाणेचा अंगठा तुटतो, वेग पाच फुटांनी कमी’ एवढंच. तो कसा तुटला ते भिडू सांगेल.

आमची कॅम्पेन पेठा, वाडे आणि सह्याद्रीसारखे गड असलेल्या मुलखात चालते, म्हणून आमचा तक्ता असा. तुमचा मुलूख वेगळा असेल तर वस्तू बदला, किमती तशाच ठेवा.

२. जमीन दगा देते. पायाखालची फरशी, फळी किंवा कडा खचतो. दहा फुटांच्या आतल्या सगळ्यांनी, शत्रूंसकट, १० डीसीचा डेक्सटेरिटी (चपळाई) सेव्ह करायचा. चुकला तो प्रोन. खाली काहीतरी उघडं पडतं : तळघर, भुयार, पाण्याचं टाकं. काय ते डीएमने ठरवायचं.

३. हत्यार रुततं. खांबात, दारात, झाडात. अर्धा वेग खर्चून सोडवा, किंवा तिथेच सोडून दुसरं काढा.

४. हत्यार दहा फूट उडतं. दिशा भिडू ठरवणार, ते नेमकं कशावर पडलं ते डीएम.

५. पाठ उघडी पडते. दोनपैकी एक निवडा : तुमच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत तुमच्यावरच्या पहिल्या वाराला अ‍ॅडव्हांटेज, किंवा पाच फूट मागे सरका, अपॉर्च्युनिटी अटॅक न होता, पण ती जागा शत्रूची.

६. शत्रू सल्ला देतो. तलवार कशी धरतात, कोपर कुठे असावं, हल्लीच्या पोरांना शिकवतं कोण, वगैरे. भिडूने तोडीस तोड उत्तर दिलं तर शत्रू चिडतो आणि पुढचा वार त्या भिडूवरच करतो. मागे जखमी मित्र असेल तर हे वरदान आहे.

७. वहाणेचा अंगठा तुटतो. पुढच्या टर्नच्या शेवटपर्यंत वेग पाच फुटांनी कमी.

८. आवाज होतो. घंगाळ, तांब्या, ढाल, काहीतरी जिन्यावरून गडगडत जातं. इथे काही बिघडत नाही, पण शेजारच्या खोलीतल्यांना आता माहीत आहे.

९. धूळ उडते. तुमच्या आणि त्या शत्रूच्या, दोघांच्याही पुढच्या वाराला डिसअ‍ॅडव्हांटेज.

१०. पिशवी उसवते. एक साधी वस्तू खाली पडते. कोणती, ते भिडू ठरवतो. उचलणं फुकट, पण शत्रूलाही फुकट.

११. दिवा विझतो. समई, मशाल, कंदील, जे जवळ असेल ते. दहा फुटांत मंद उजेड. उघड्यावर दिवसा असाल तर एखादी दोरी तुटते किंवा फांदी मोडते.

१२. हट्ट. वार चुकलेला नाही, लागला, असं भिडू ठरवू शकतो. बदल्यात तो प्रोन होतो आणि त्या शत्रूला लगेच रिअ‍ॅक्शनने (आपली टर्न नसताना करायच्या कृतीने) एक वार मिळतो. नको असेल तर नुसता चुकलेला वार.

सहावी ओळ आमच्याकडे सगळ्यात लाडकी आहे. किंमत शून्य, पण मारेकऱ्याने गळ्यावर सुरी ठेवून ‘पवित्रा चुकतोय तुमचा’ म्हणणं पुण्यातल्या टेबलावर कधीच शिळं होत नाही.

तपासा : प्रत्येक ओळ तीन जणांवर लावून बघा. एक तलवारवाला, एक तिरंदाज, एक जादूगार. तिसरी ओळ तलवारीला शोभते. तिरंदाजाला ती ‘धनुष्याची दोरी खाचेतून निसटली’ अशी वाचता येते, जादूगाराला ‘मंत्राची सामग्री पिशवीच्या नाडीत अडकली’ अशी. खर्च तोच, अर्धा वेग. जी ओळ तिघांपैकी दोघांना लागूच होत नाही, ती खोडा. ‘तलवारीची मूठ सैल होते’ ही माझी आवडती ओळ मला अशीच सोडावी लागली.

कार्ड तयार झालं की लॅमिनेट करायचा मोह आवरा. अप्पा बळवंत चौकात पाच मिनिटांत काम होतं हे खरं, पण या तक्त्यात खोडाखोड होणार आहे.

टप्पा ५ : टेबलावर चालवण्याचा क्रम

एक पडल्यापासून पुढच्या भिडूची टर्न येईपर्यंत अर्धा मिनिट. त्याहून जास्त लागला तर फजितीची मजा जाऊन तिचं कामकाज होतं. क्रम असा :

१. डीएमने ‘वार चुकला’ जाहीर करायचं. घ्यायची का, विचारायचं.

२. दोन फासे भिडूनेच टाकायचे. स्वतःच्या हाताने पडलेलं दान माणूस मुकाट्याने सोसतो, दुसऱ्याच्या हाताने पडलेलं सोसत नाही.

३. डीएमने ओळीतला फक्त नियम वाचायचा.

४. कसं घडलं ते भिडूने एक-दोन वाक्यांत सांगायचं.

५. डीएमने त्यात एकच गोष्ट घालायची आणि पुढे जायचं.

तिसरी आणि चौथी पायरी उलटसुलट केली, की सगळं फसतं. वाड्याच्या चौकात मारामारी चालू आहे. तलवारवाल्याचा पहिला वार, फाशावर एक, मग दान पडलं सात.

चुकीची तऱ्हा अशी. डीएम म्हणतो, ‘तू धांदरटासारखा धावलास, स्वतःच्याच वहाणेत अडखळलास, सगळे तुला हसतायत.’ भिडू म्हणतो, ‘बरं.’ आणि विषय संपतो.

आता बरी तऱ्हा. डीएम म्हणतो, ‘वहाणेचा अंगठा तुटला. पुढच्या टर्नच्या शेवटपर्यंत पाच फूट कमी. कसं काय झालं?’ भिडू क्षणभर छताकडे बघतो. ‘मी घाव बरोबरच घातला होता रे. पण हा बेटा हौदाच्या कडेला सरकला. ओल्या दगडावर सगळा भार दिला आणि अंगठा सुटला.’ डीएम एक वाक्य जोडतो, ‘वहाण हौदात पडली. आणि पाण्यात खाली काहीतरी हललं.’ आता चौघांच्या माना हौदाकडे वळतात. तलवारवाला अजूनही पट्टीचाच आहे, त्याचा दुसरा वार शिल्लक आहे, आणि चौकात एक नवी गोष्ट सुरू झाली आहे.

भिडूला काही सुचत नसेल तर ताणू नका. ‘दगड ओला होता की शत्रू चपळ होता?’ असं दोन पर्यायांत विचारा. तरीही नाही, तर नियम लावून पुढे चला. लाजरा भिडू तिसऱ्या वेळेला आपणहून बोलतो.

सावधान : तक्ता दुसऱ्या भिडूने वाचायचा नाही. मित्राच्या फजितीत भर घालण्याची आपल्या लोकांना फार हौस, आणि मग दहा मिनिटं त्यावर जातात. खेळ दुपारचा ठेवला असेल तर ‘एक पडला!’ या आरोळीचाही विचार करा. एक ते चार या वेळेत सोसायटीतल्या खालच्या मजल्यावरून बेल वाजली, तर ती फजिती कोणत्याच तक्त्यात नसते.

टप्पा ६ : कोरडी चाचणी, मग खोडाखोड

कॅम्पेनमध्ये लावण्याआधी घरी एकट्याने दोन फासे बारा वेळा टाका. प्रत्येक दानाला तुमच्या मागच्या लढाईतला एखादा प्रसंग जोडून मोठ्याने बोला. जिथे ‘अं...’ येतो, ती ओळ सैल आहे. बंद खोलीत ‘फांदी मोडते’चं काय करणार, उघड्या माळावर ‘शेजारच्या खोली’चं काय करणार, हे इथेच कळतं.

मग खेळात लावा आणि कार्डावर प्रत्येक वापरलेल्या ओळीपुढे टिंब द्या. तीन टिंबं झाली की ती ओळ खोडून नवी लिहायची. पेन्सिल त्यासाठी. मधल्या ओळी लवकर शिळ्या होतात, कारण त्याच पुन्हापुन्हा पडतात. दोन आणि बारा वर्षभर तशाच राहिल्या तरी चालतील. बदलताना वस्तू बदला, किंमत बदलू नका. सातची किंमत ‘पाच फूट’ ठरली आहे ना, मग वहाण जाऊन तिथे काहीही येवो, पाच फूटच.

प्रत्येक सेशननंतर एवढंच बघा : फजितीनंतर त्याच भिडूने त्याच टर्नमध्ये आणखी काही केलं का? पुढच्या राउंडमध्ये कोणी तिचा उपयोग करून घेतला का, पडलेली वस्तू, झालेला आवाज, विझलेला दिवा? दोन्हीला ‘नाही’ असेल, तर ती ओळ नुसता दंड आहे. एकदा आमच्या चोराने विझलेल्या समईचा फायदा घेऊन अंधारात लपून वार केला, तेव्हापासून अकराव्या ओळीला हात लावलेला नाही.

काही जण इथे क्रिटिकल हिटचाही (२० पडल्यावरच्या जोरदार वाराचा) तक्ता सुरू करतात. दोन्ही एकदम नको. आधी तीन-चार सेशन हा मुरू द्या.

आमच्या कार्डावर सातच्या जागी सध्या पाचवी खोड आहे. वहाण गेली, पागोटं गेलं, धोतराचा सोगा आला तसा गेला (चिठ्ठी आठवली). आता तिथे लिहिलंय : ‘वाड्यातलं मांजर पायात येतं. पाच फूट कमी. मांजराला काहीही होत नाही.’

शेवटचं वाक्य माझं नाही. सेशन संपल्यावर कार्ड टेबलावर राहिलं होतं, तेव्हा कोणीतरी वेगळ्या अक्षरात लिहून गेलं.